राग कुणाचा

पाना मुलाच्या हातातून गळून पडला, तेव्हा आई त्याच्या दंडाला लोंबकळत होती. बापाचं डोकं पंपाच्या चौथऱ्यावर फुटलं होतं, तरी मुलगा आता नुसत्या मुठींनी मारत होता. तो काम करायचा त्या पंप-दुरुस्तीच्या शेडमधले लोक त्याला मुका म्हणत. त्या दुपारीही त्याने चकार शब्द न काढता मारलं. बाप दवाखान्यात पोचण्याआधीच गेला.

कोठडीत मुलाला फिट आली, म्हणून मेंदूचा स्कॅन काढला. कपाळामागे लिंबाएवढी गाठ निघाली. ऑपरेशन करून ती काढून टाकली. मुलाच्या वकिलाच्या अंगात बळ संचारलं. करड्या चित्रातला पांढरा डाग दाखवून त्याने आईला सांगितलं, की माणूस स्वतःला आवरतो तो या भागाच्या जोरावर, आणि गाठीने नेमका तोच दाबला होता. कोर्टात तिने एवढंच म्हणायचं, की घरात सगळं गोडीगुलाबीचं होतं, पोरगा वर्षभरात अचानक बिघडला. मग तो सुटेल.

शिवणयंत्रावर कपडे शिवता शिवता आईने ते पाठ केलं. तुरुंगात भेटायला गेली तेव्हा हरखून मुलालाही सांगितलं.

तो जाळीजवळ सरकला.

"आई, गाठीला बाबांचा राग कशाला येईल?"

तिने घाईने आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना.

"गाठीमुळे हात सुटला असेल माझा. पण लहानपणापासून जे साठलं होतं, ते माझं होतं. तेवढं तरी माझं राहू दे."

आधी सुटून ये, मग काय ते बोल, असं तिने त्याला दटावलं. तो पुन्हा मुका झाला.

साक्षीच्या दिवशी वकिलाने विचारलं, घरचं वातावरण कसं होतं? उत्तर अगदी ओठांवर होतं. समोर पिंजऱ्यात मुलगा खाली मान घालून उभा होता.

"मार खात होतो," ती म्हणाली. "दोघंही."

मग ती थांबलीच नाही. रबरी पाइपचे वळ, तिचा मोडलेला हात, तेलकट पाण्याच्या पिंपात पोराचं डोकं जीव गुदमरेपर्यंत दाबून धरणारा नवरा, सगळं तिने सांगितलं. मुलाच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. सरकारी वकील लगबगीने उठला. म्हणजे मुलाच्या मनात जुना राग होता तर?

"होता. माझ्याही होता. त्या मेंदूच्या फोटोत दिसत नाही, म्हणून नव्हता असं नाही."

पिंजऱ्यात मुलाने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.

न्यायाधीशांनी गाठ विचारात घेतली, मारही विचारात घेतला. तरी सात वर्षांची शिक्षा झालीच.

बाहेर पायऱ्यांवर गर्दीच्या रेट्यात आईच्या चपलेचं बक्कल सुटलं. मुलगा पोलिसाला काहीतरी हळूच म्हणाला. बेड्या सावरत खाली बसला, तिचं पाऊल गुडघ्यावर घेतलं आणि बक्कल लावू लागला. ते जुनं होतं, पटकन लागेना. पोलीस थांबून राहिला.