हजेरीच्या सह्या

ही गोष्ट २०२२ सालची. तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटामुळे शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे.

मागवाल्यांच्या संघटनेत यास्मीन टायपिंग करी. तिचे अब्बा मौलाभाई, त्यांचे चार माग. त्या दुपारी सचिव गुरुशांत यांनी तिला दिल्लीहून आलेल्या साहेबांचं, सरकारला पाठवायचं निवेदन टाइप करायला दिलं. ‘परदेशी टॉवेलांवरचं आयातशुल्क काढा, ही सोलापूरच्या विणकरांचीच मागणी आहे.’ मसुद्याच्या तळाशी एका परदेशी कंपनीचं नाव खोडायचं राहून गेलं होतं. साहेब पगार कुणाचा खातात, ते तिला कळलं. पण आपलं काम टायपिंगचं, असं म्हणून ती टाइप करत राहिली.

मग सोबतचा सह्यांचा कागद तिच्या हाती आला. संघटनेची जुनी सवय, आधी कोऱ्या कागदावर सह्या, विषय मागाहून. गेल्या महिन्यात साहेबांनी जेवण दिलं, तेव्हाचीच ही हजेरी. त्यात अब्बांची वळणदार सही.

माग दुरुस्त करणारे म्हातारे नागप्पा तिथंच चहा पीत होते.

“काका, तुमचीपण सही आहे की.” तिनं निवेदन, तळाच्या कंपनीच्या नावासकट, त्यांना वाचून दाखवलं.

“जेवलो म्हणून केली. बाहेरचा माल येऊ द्या, असं आमी कुटं म्हटलं?”

“एवढं काय मनावर घेता?” गुरुशांत म्हणाले. “साहेब संघटनेला इमारत बांधून देणार हायत.”

“माग बंद पडल्यावर इमारतीत बसून भजनं म्हणायची व्हय? कंपनीनं आपलं म्हणणं सोताच्या नावानं मांडावं की. सरकार तोलून बघंल. आमच्या तोंडून बोलल्यावर संशय कुणाला येणार?”

यास्मीनने हात आवरले. “सर, कंपनीचं नाव वर लिहायचं असेल, तरच पुढं टाइप करते.”

गुरुशांत यांनी सह्यांचा कागद पुढं ओढला. पहिली सही त्यांचीच होती. त्यांनी पेन काढलं आणि कोऱ्या जागेत ठळक लिहिलं, ‘जेवणाची हजेरी’.

संध्याकाळी आलेले साहेब रागावले नाहीत. बॅग मिटत म्हणाले, “तीन गावांचे कागद मिळालेत. चौथं नसलं तरी चालेल.”

नागप्पा गेल्या वर्षी वारले. मौलाभाईंचे दोनच माग उरले आहेत. गुरुशांत विषय वाचल्याशिवाय आता लग्नाच्या आहेराच्या वहीतही नाव घालत नाहीत. यास्मीन संघटनेची सचिव झाली. साहेब टीव्हीवर विणकरांचे तज्ज्ञ म्हणून बोलतात. नावाखाली कंपनी अजूनही दिसत नाही.

वाचकहो, म्हणणं मांडायचा हक्क सगळ्यांना आहे. पण बोलणाऱ्याला पैसे कोण देतं, हे आधी विचारा. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. आपला आवाज तिथूनच दुसऱ्याच्या हाती जातो.