निकानोरचा निरोप माझ्या तोंडून

मी एक रेडिओ बोलतोय. बोलतोय म्हणजे, पूर्वी बोलायचो. आता माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल आहे, त्यावर फोटोची चौकट आहे, आणि बटण फिरवलं तर नुसती टकटक होते. पण जे सांगणार आहे ते एकदा माझ्याच तोंडून मेंढ्या चरतात त्या साऱ्या मैदानाने ऐकलं होतं, म्हणून मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म राजधानीतला, सान्तियागोतला. तांबूस लाकडाची पेटी, पुढे सोनेरी कापडाची जाळी, पोटात काचेचे दिवे. दुकानाच्या काचेआड उभा असताना मला वाटायचं, आपण एखाद्या दिवाणखान्यात जाणार, पियानोच्या शेजारी. गेलो ते आगबोटीने पार दक्षिणेला, जिथे देश संपतो तिथे. नातालेस गावात बाल्दोमेरो कार्कामो नावाच्या मेंढपाळाने मला विकत घेतलं आणि ट्रकमध्ये रिकाम्या गोण्यांच्या मध्ये कोंबून घरी नेलं. ते साल त्रेपन्न. लोकरीला त्या उन्हाळ्यात बरा भाव आला होता.

त्याची बायको एर्सिलिया दारातच उभी होती. तिला शिवणयंत्र हवं होतं.

"हे काय आणलंत?"

"रेडिओ."

"विजार शिवतो का हा?"

बाल्दोमेरो शिडी लावून वर चढला. त्याने छपरावर पंख्यासारखं एक पातं बसवलं. वारा सुटला की ते फिरायचं आणि मोटारच्या जुन्या बॅटरीत वीज भरायची. तिथे वाऱ्याला तोटा नाही. झाडंसुद्धा एका अंगाला वाकून वाढतात. त्यामुळे वाऱ्याने बोलणारा मी, हे मला आधी कमीपणाचं वाटायचं, मग सवय झाली.

एर्सिलियाने बरेच दिवस माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्यावर ओले मोजे वाळत घालायची. साखर, चहापत्ती, रॉकेल यांचे भाव वाढल्याचं मी सांगितलं की लाटणं माझ्यावर रोखायची, "मेल्या, तूच वाढवतोस!" जणू भाव मीच ठरवत होतो. मी काय, ऐकलेलं सांगणारा.

जगाच्या बातम्याही मीच सांगायचो. हिमालयातल्या सगळ्यात उंच शिखरावर दोन माणसं पोचली, हे मी सांगितलं तेव्हा आमच्याकडे हिवाळा होता. बाल्दोमेरो पाइप ओढत म्हणाला, "वर चारा आहे का?" एर्सिलिया म्हणाली, "त्यांच्या आया काय म्हणत असतील!" त्यावर दोघं बराच वेळ बोलत होती. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, या घरात आपलं काम आहे.

पुढे संध्याकाळचं नाटक सुरू झालं. रोज थोडं थोडं. त्यात अम्पारो नावाची मुलगी होती, तिचा एक आंधळा डॉक्टर होता, आणि तिची सावत्र बहीण इतकी दुष्ट होती की ती बोलायला लागली की एर्सिलिया चुलीतलं लाकूड जोरात आत ढकलायची. मोजे माझ्यावरून उतरले. माझ्या जाळीवरची धूळ ती बोट ओलं करून पुसायला लागली.

पण त्या मैदानावर माझी खरी किंमत होती ती निरोपांमुळे. तिथे घरं एकमेकांपासून घोड्याच्या अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. टपाल येत नाही. म्हणून नातालेसच्या रेडिओ केंद्रावर स्वतः जाऊन किंवा कुणाकरवी लोक निरोप देत आणि तिथली निवेदिका नाटकानंतर ते वाचत असे. शब्दाला पैसे पडत, म्हणून निरोप कापून कापून दिलेले असत.

"उत्तरेच्या खोऱ्यातल्या मान्सिया यांना. कवळी तयार आहे. येऊन न्यावी."

"तळ्याकाठच्या फ्लोरिंदाला. ऑपरेशन झालं. ठीक आहे. गाय विकू नकोस."

कुणाचं काही झाकलेलं राहत नसे. मान्सियाची कवळी सगळ्यांना माहीत. निवेदिका जन्माची बातमी, मरणाची बातमी आणि मेंढ्यांच्या औषधाची बातमी एकाच सुरात वाचायची. तिला कुणी पाहिलं नव्हतं, पण लोक तिला घरातली समजत.

हे निरोप ऐकायला नदीपलीकडून निकानोर ओयार्सून यायचा. म्हातारा, विधुर, एकटा. टोपी गुडघ्यावर ठेवून दाराजवळच्या बाकावर बसायचा आणि कुत्सित हसायचा. "घरातलं सगळं चव्हाट्यावर! उद्या कुणी बायकोशी भांडायलाही इथूनच बोलेल." तो फार कमी बोलणारा माणूस होता. एवढंच काय ते बोलायचा.

त्याची मुलगी सुनिल्दा लोकर कातरायला आलेल्या टोळीतल्या एका पोराबरोबर निघून गेली होती. जाताना निकानोर उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला होता, "गेलीस तर हे दार तुला बंद." ती गेली. सीमेपलीकडे रिओ तुर्बियोला नवऱ्याला कोळशाच्या खाणीत काम मिळालंय, एवढंच लोकांना माहीत होतं. निकानोरच्या तोंडून तिचं नाव कुणी ऐकलं नाही. पण निवेदिका "रिओ तुर्बियोहून" असं म्हणाली की त्याच्या गुडघ्यावरची टोपी हलायची. मी समोरच असायचो, मला दिसायचं. एर्सिलियालाही दिसायचं.

मग तो हिवाळा आला. थंडी कडक आणि वारा पडलेला. छपरावरचं पातं दिवसेंदिवस गारठून उभं. माझा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा झाला. बाल्दोमेरो मेंढ्या घेऊन खालच्या कुरणात गेला होता. नाटकाचा शेवटचा भाग होता त्या संध्याकाळी निकानोर बर्फातून घोडा हाकत आला.

एर्सिलियाने मला सुरू केलं. अम्पारो चर्चच्या पायऱ्यांवर उभी होती, डॉक्टर काठी टेकत येत होता. माझ्या पोटातले दिवे लुकलुकायला लागले. एर्सिलियाने बॅटरीकडे पाहिलं, निकानोरकडे पाहिलं.

"नाटक आणि निरोप, दोन्हींना पुरणार नाही," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही नाटक ऐका. मी काय, लोकरीचा भाव ऐकायला आलोय."

"ऐन हिवाळ्यात कसला लोकरीचा भाव, भावजी?"

 एर्सिलियाने माझं बटण बंद केलं. नाटकाचं किती वेड होतं तिला, ते मला माहीत आहे. ती चुलीपाशी बसली, हात पदरात घेतल्यासारखे एप्रनमध्ये गुंडाळून.  पाण्याची किटली तेवढी बोलत होती.

नाटक संपलं असेल अशा अंदाजाने तिने मला पुन्हा सुरू केलं. मी असेल नसेल तेवढा जोर लावला. एक निरोप मेंढ्यांचा, एक लग्नाचा. मग निवेदिका म्हणाली:

"नदीपलीकडच्या निकानोर ओयार्सून यांना. रिओ तुर्बियोहून सुनिल्दा. मुलगी झाली. नाव रोसाल्बा ठेवलं. घरी येऊ का? हो असेल तर इथेच कळवा."

रोसाल्बा हे निकानोरच्या गेलेल्या बायकोचं नाव.

तो उठला. टोपी बाकावरच विसरला. दार उघडून बाहेर घोड्यापाशी जाऊन उभा राहिला, त्याच्या मानेत तोंड घालून. एर्सिलिया त्याच्या मागे गेली नाही. तिने दार तसंच उघडं ठेवलं, एवढ्या थंडीत. पुढचा निरोप चालू असतानाच माझा आवाज गेला.

बऱ्याच वेळाने तो आत आला.

"आपण बाल्दोमेरोला पाठवू," एर्सिलिया म्हणाली. "ते आले की गावात जातील. तुमचं नावही मोठ्याने घ्यायला नको. नुसतं 'हो' म्हणून सांगतील."

"नको."

"अहो, सगळं मैदान ऐकेल!"

"दार बंद म्हटलं तेव्हा कातरणीची अख्खी टोळी अंगणात होती," निकानोर म्हणाला. "तेही सगळ्यांनी ऐकलंच होतं."

टोपी घातली आणि तो बर्फात निघाला. नातालेस दोन दिवसांची वाट, आणि म्हाताऱ्याचे गुडघे दुखत होते.

त्यानंतरचे दिवस मी मुका होतो. आकाश निरभ्र, वाऱ्याची झुळूक नाही. एर्सिलिया सारखी बाहेर जाऊन छपराकडे बघायची. बाल्दोमेरो परत आला, तोही बघायला लागला. वाऱ्याला जन्मभर शिव्या घालणारी ही माणसं, आता त्याची मनधरणी करत होती. एका दुपारी खिडकीची काच खडखडली. पातं कुरकुरलं, अडलं, मग गरगरायला लागलं. एर्सिलियाने टाळ्या वाजवल्या, एखाद्या पोरीसारख्या.

संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर भरलं. सुनिल्दाचा निरोप साऱ्या मैदानाने ऐकला होता. उत्तर काय येतं ते ऐकायला शेजारी घोड्यांवरून आले. मान्सिया नवी कवळी लावून आला होता. कुणी म्हणालं, म्हातारा शब्दाचे पैसे वाचवायला नुसता 'हो' म्हणेल. कुणी म्हणालं, तो गावात जाऊन दारू पिऊन परत येईल, बघा. एर्सिलियाने सगळ्यांना गप्प केलं.

निवेदिकेने सुरुवात केली ती नेहमीच्याच सुरात.

"रिओ तुर्बियोच्या सुनिल्दा ओयार्सूनला, बापाकडून." आणि ती थांबली. माझ्या आयुष्यात मी तिला असं थांबलेलं ऐकलं नव्हतं. मग वाचायला लागली. "मी चुकलो. ये. पोरीला नीट गुंडाळून आण, इथे वारा फार आहे. नवऱ्यालाही आण. शनिवारी ट्रकच्या फाट्यावर घोडे घेऊन उभा राहीन. या शनिवारी जमलं नाही तर पुढच्या शनिवारी उभा राहीन. तेव्हा नाही तर त्याच्या पुढच्या. तू येईपर्यंत उभा राहीन."

 मान्सियाने कवळी काढून खिशात टाकली आणि नाक शिंकरलं. जो माणूस दिवसभरात चार शब्द बोलत नसे, त्याने त्या दिवशी केंद्रावर सगळ्यात लांब निरोप दिला होता. आणि तो मी बोललो. शब्द त्याचे, आवाज त्या बाईचा, पण त्या स्वयंपाकघरात तो माझ्या जाळीतून बाहेर पडला.

पहिला शनिवार रिकामा गेला. दुसऱ्या शनिवारी रस्ताच बंद होता; तरी तो फाट्यावर गेला होता. तिसऱ्या शनिवारी कुत्री भुंकली आणि दोन घोडे आमच्या अंगणात आले. निकानोरच्या अंगरख्यात पुढे गाठोड्यासारखं काहीतरी होतं. ती रोसाल्बा. सुनिल्दाचा नवरा खाणीतली पाळी सोडून येऊ शकला नव्हता, तो पुढे वसंतात आला. सुनिल्दा एर्सिलियाच्या गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, बाबा वाटेत एकच वाक्य बोलले. पाय भिजले का, म्हणून विचारलं."

"मग?"

"मी नाही म्हटलं. भिजले होते."

दोघी हसल्या, रडल्या. निकानोर चुलीपाशी बसून पोरीचे हात आपल्या हातात चोळत होता. जरा वेळाने एर्सिलियाने हळूच विचारलं, "ए, तुमच्याकडे रेडिओ आहे ना? अम्पारोचं काय झालं शेवटी?"

"ऐकलंच नाही, मावशी. पुढे निरोप लागणार म्हणून माझं लक्षच नव्हतं."

मग त्या दोघींनी चहा पीत पीत एक शेवट ठरवून टाकला. सावत्र बहिणीचं त्यात फार वाईट झालं.

पुढे हातात मावणारे रेडिओ आले, त्यांना ना पातं लागायचं ना मोटारची बॅटरी. बाल्दोमेरोने एक घेतला आणि मी लोकरीच्या गोण्यांच्या खोलीत गेलो. एका कोंबडीने माझ्यामागे अंडी घातली. म्हातारी माणसं एकेक गेली. घर विकायच्या वेळी रोसाल्बाने मला मागून घेतलं. आता ती सत्तरीच्या आसपास आहे आणि मी नातालेसमध्ये तिच्या स्वयंपाकघरात आहे.

गेल्या आठवड्यात एक तरुण माणूस आला होता. म्हणाला, "आजी, याच्या पोटातलं जुनं सगळं काढतो, नवं बसवतो. मोबाइलवरची गाणी यातून वाजतील." रोसाल्बा म्हणाली, "विचार करते. जुन्या वस्तूचं पोट फाडायचं म्हणजे जिवावर येतं."

रोसाल्बा, माझ्यासाठी थांबू नकोस. जे बसवायचं ते बसव. माझ्यातून निघाला तो आवाज कधीच माझा नव्हता. मी नुसतं तोंड होतो, आणि तोंड मिटून बसणं फार कठीण जातं. एकच मागणं आहे. मला सुरू करून दुसऱ्या खोलीत जाऊ नकोस. समोर खुर्ची ओढ, आणि थोडा वेळ बस.