बारा कड्यांची दोरी

मित्रांनो, मला बघून कुणी कपडे वाळत घालायची दोरी समजू नका. मी एका बालवाडीची सहलीची दोरी आहे, वयाने जुनी आणि मानाने मोठी. माझ्या दोन्ही अंगांना सहा-सहा रंगीत कापडी कड्या शिवलेल्या आहेत. रस्त्याने जाताना प्रत्येक मूल एकेक कडी धरतं. माझं पुढचं टोक बाईंच्या हातात असतं आणि शेपूट स्वयंपाकघरातल्या मावशींच्या हातात.

मला एका म्हाताऱ्या शिंप्याने शिवलं. त्याची नात याच बालवाडीत होती, म्हणून त्याने प्रत्येक कडीला तिहेरी टाके घातले. सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! वाचनालय असो, अग्निशमन केंद्र असो, माझ्यावाचून कुणाचं पाऊल हलत नसे. पुढे शाळेला गाडी मिळाली आणि माझी रवानगी ओल्या बुटांच्या पेटीमागे झाली. दोन वर्षं मी तिथे कुबट वास घेत पडून होते. खोटं कशाला बोलू, मनातून फार चरफडत होते.

मला बाहेर काढलं ते नव्या बाईंनी. त्या दूरदेशाहून आलेल्या, तीन महिन्यांच्या बोलीवर नेमलेल्या. त्यांनी मला कोमट पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं आणि उसवलेल्या दोन कड्या नीट शिवल्या. इथल्या मुलांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती. म्हणून शिवता शिवता त्या स्वतःशीच टोपणनावं घोकायच्या. ऊठसूट वाद घालणारा तो वकील, बूट चढवायला अर्धा तास लावणारी ती गोगलगाय. त्या हातांचे उपकार मी कसे विसरेन?

त्यांची पहिलीच सहल जवळच्या बदकांच्या तळ्यावर पायी गेली. निघताना बाईंनी मुलांना बजावलं, "परत जाताना एकही कडी रिकामी दिसता कामा नये." मुलांनी माना डोलावल्या. तळ्याकाठी डबे खाल्ले, गवतात लोळणं झालं, बदकांच्या मागे धावून सगळे घामाघूम झाले. बाई त्या दिवशी इतक्या हसल्या की मावशीही त्यांच्याकडे बघत राहिल्या.

परतीची वेळ झाली. बाईंनी कड्या मोजल्या. बारा कड्यांवर बारा मुठी. आम्ही निघालो.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. मधल्या दोन कड्यांना एकाच वेळी, एकसारखा हिसका बसत होता. पण दोरीला तोंड कुठलं? आम्ही बागेच्या फाटकापर्यंत पोचलो आणि वकिलाने तोंड उघडलं.

"बाई, एक हात सोडू? नाक पुसायचंय."

"दुसऱ्या हाताने पूस की."

"दुसऱ्या हातात तिची जागा धरलीय. ती बदकांना सांगायला गेलीय, आम्ही निघालो म्हणून."

बाईंनी मुलांवरून नजर फिरवली. गोगलगाय नव्हती. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मुलांना मावशींच्या हवाली करून त्या तळ्याकडे धावत सुटल्या. आम्ही फाटकापाशी थांबलो. वकिलाचं नाक ओठांपर्यंत वाहत आलं होतं. मावशी म्हणाल्या, "अरे, आता सोड ती कडी." त्याने मान हलवली. "ती आल्यावर सोडीन," म्हणाला आणि रडू लागला. पण दोन्ही मुठी त्याने घट्ट आवळून ठेवल्या होत्या. इतक्या वर्षांत मला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं.

बाई परतल्या तेव्हा गोगलगाय त्यांच्या कडेवर होती. ती पाण्यापासून हातभर अंतरावर उकिडवी बसून बदकांचा निरोप घेत होती म्हणे. तिने आपली कडी हातात घेतली तेव्हा कुठे वकिलाने नाक पुसलं. बाई त्याला रागावल्या नाहीत. सांगितलं होतं तेच त्याने केलं होतं.

शाळेत पोचल्यावर बाई मला खांद्यावर टाकूनच मुख्याध्यापिकेकडे गेल्या. मावशी कुणाला काही बोलणार नव्हत्या. बाईंनाही गप्प बसता आलं असतं.

"मी मुठी मोजल्या. मुलं मोजली नाहीत," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी उठून बाईंना पाणी दिलं. "हे तुम्ही आपणहून सांगितलंत, म्हणून उद्याही मुलं तुमच्याच हाती देईन. पुढच्या आठवड्यात परत जा तळ्यावर. या खेपेला मी शेपटाला राहते."

त्या दोघींची मी आजही ऋणी आहे. आता बाई निघण्याआधी प्रत्येक डोक्यावर हात ठेवून आपल्या भाषेत मोजतात, आणि बाराही मुलं त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजतात.

मित्रांनो, मला धुवा, वाळवा, फाटले तर शिवा, मी जन्मभर तुमच्या कामी येईन. एवढंच करा, तुमच्यातलं कुणी मागे राहिलं तर त्याची कडी रिकामीच लोंबू द्या आणि मोठ्याने हाक मारा. मला फक्त मुठी कळतात. कोण आलं नाही, हे तुम्हालाच बघावं लागेल.