मध्यंतरातली वाट

उत्तर इंग्लंडमधल्या हॅदरशॉ गावच्या मैदानावर मध्यंतराची शिट्टी झाली की सगळे प्रेक्षक चालायला लागत. रग्बी लीगमध्ये मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. मग आपला संघ ज्या टोकाला चढाई करून ट्राय टाकणार, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणार, त्या टोकाच्या खांबांमागे जाऊन उभं राहायचं, ही इथली जुनी रीत. दोन्ही गावांचे लोक कालव्याकडच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात समोरासमोर येत आणि एकमेकांना टोमणे मारत पुढे सरकत. लहानपणी अक्षराने हॅदरशॉ जे काही पाहिलं, ते बहुतेक त्या पट्ट्यातून, बाबांचं बोट धरून.

तिचे बाबा मुरलीधर इचलकरंजीहून इथल्या गिरणीत कापडाची रंगाई बघायला आले, तेव्हा क्लब पहिल्या श्रेणीत होता. अक्षरा जन्मली त्या वर्षी तो खाली घसरला आणि पुढे गिरणीही बंद पडली. मोठे संघ पुन्हा हॅदरशॉत खेळताना बघायचे, एवढी एकच हौस त्यांनी मनाशी धरली होती. २००२च्या उन्हाळ्यात ती आवाक्यात आली. संघ जिंकत सुटला होता. पण नुसता अंतिम सामना जिंकून भागणार नव्हतं. वरच्या श्रेणीत जायचं तर मैदानात दहा हजार माणसं मावायला हवीत, असा लीगचा नियम होता.

क्लबचा सेक्रेटरी जेफ घरी आला. मुरलीधरांना तो मर्लीच म्हणे. "मर्ली, तुझी पोरगी इंजिनिअर झालीय ना? बाहेरचा माणूस आम्हाला परवडत नाही. आणि आपलं मैदान तिच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

अक्षरा नुकतीच सिव्हिल इंजिनिअर होऊन लीड्समध्ये नोकरीला लागली होती. तिने टेप घेऊन प्रेक्षकांच्या उभं राहायच्या पायऱ्या मोजल्या, कठडे तपासले. हिशेब सोपा होता: उभं राहायची जागा धरायची, येण्याजाण्याची वाट वगळायची. भिंतीलगतच्या पट्ट्यावर कसलीही रेघ नव्हती. परक्या माणसाला तो पायऱ्यांचाच भाग वाटला असता. अक्षराला मात्र तिथे मध्यंतरातली गर्दी दिसली आणि तिने तो वगळला. आकडा दहा हजारांच्या जरासा खाली आला.

"थोडं कमी आहे," तिने जेफला सांगितलं. "पण कारण लिहिलंय. लीगवाले रग्बीचेच लोक आहेत, त्यांना कळेल."

"कळेल म्हणजे काय! त्याच वाटांनी चालत मोठे झालेत ते," जेफ म्हणाला आणि अहवाल तसाच पाठवला.

ऑक्टोबरात संघाने अंतिम सामना जिंकला. मुरलीधरांचा घसा असा बसला की ते खुणांनीच चहा मागत होते. "दरवर्षी जिंका हो," अक्षराची आई सुप्रभा म्हणाली, "घरात केवढी शांतता आहे!"

मग लीगचं उत्तर आलं. जेफने क्लबच्या बारमध्ये सगळ्यांना सांगितलं: आकडा कमी, प्रवेश नाही. अक्षराने दिलेल्या कारणाचा उल्लेखही नव्हता.

"आणि वरच्या श्रेणीत तळाला राहिला, आपल्या जागी खाली यायला हवा तो संघ?" मुरलीधरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तो तिथेच. त्यांच्या मैदानात आपल्याहून कमी माणसं मावतात. पण नियम आत येणाऱ्याला आहे, मर्ली, आत बसलेल्याला नाही."

"हे लॉजिकल नाहीये!" अक्षरा म्हणाली. "क्रायटेरिया आहे तर सगळ्यांना लावा ना."

जेफने ग्लास खाली ठेवला. "पोरी, सामना चालू असताना त्या भिंतीपाशी चालतं कोण? लोक उभेच असतात तिथे. तू वाट म्हणालीस म्हणून ती वाट झाली."

तो रागावला नव्हता, हेच तिला जास्त लागलं.

परतताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, माझा रिपोर्ट चुकीचा होता का?"

"नाही गं." ते म्हणाले, "तुला ती वाट फार जवळून माहीत होती, एवढंच."

मोजणं वेगळं आणि काय मोजायचं हे ठरवणं वेगळं, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. मैदानात मात्र आपण नुसतं मोजतोय असंच तिला वाटत राहिलं होतं.

ख्रिसमसच्या आत कर्णधार मोठ्या क्लबकडे गेला आणि त्याच्या मागोमाग चांगले खेळाडू पांगले. पुढच्या वेळी आकड्यावरून अडायचं नाही, असं समितीने ठरवलं. पट्ट्यात कठडे बसवायचे, दोन्ही टोकांना फाटक लावायचं, म्हणजे ती उभं राहायची जागा होईल. नवा हिशेबही अक्षरानेच केला. आकडा दहा हजारांच्या वर गेला आणि तिने सही केली.

जानेवारीत मोसम सुरू झाला. त्याच खालच्या श्रेणीत, विरळ प्रेक्षकांपुढे. मध्यंतराची शिट्टी झाली तसे लोक सवयीने भिंतीकडे वळले आणि फाटकापाशी थबकले. कोणीतरी कडी हलवून पाहिली. पलीकडून पाहुण्या संघाचे लोक तसेच बघत होते. टोमणा कोणीच मारला नाही. मग सगळे आपापल्या जागी परतले.

उत्तरार्धात सगळा खेळ लांबच्या टोकाला, धुक्यात चालला. एकदम तिकडून आरडाओरडा झाला. मुरलीधरांनी चष्मा पुसला, टाचा उंचावल्या.

"ट्राय झाला का गं? कोणी टाकला?"

तिलाही दिसलं नव्हतं.

"आपल्यांनीच, बाबा," ती म्हणाली.