ब्लूमाच्या हाताची उंची

"खुर्ची जरा पुढे घ्या, म्हणजे कचऱ्याचे डबे फोटोत येणार नाहीत," फोटोग्राफर म्हणाला.

ब्लूमा झाल्ट्समननं चाकं पुढे ढकलली. डब्यांतल्या सडक्या माशाचा वास फोटोत येत नसतो, तेव्हा त्याची कुणाला फिकीर नव्हती.

क्लीव्हलंडच्या त्या ज्यू अनुदान निधीत ती सव्वीस वर्षं अर्ज वाचत होती. पाय जाईपर्यंत पुढच्या दाराच्या नऊ पायऱ्या ती रोज चढली. चौकटीवर मेझुझा होती, प्रार्थनेचं चर्मपत्र आत असलेली बोटभर डबी. तिला हात लावायचा, बोटं ओठांना टेकवायची आणि कामाला बसायचं. गेली दोन वर्षं ती घरूनच काम करत होती.

मग निधीला एकाएकी सर्वांना सामावून घेण्याचा उमाळा आला. समिती बसली, चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प आणि नवं दार करायचं ठरलं. समितीत पायांनी अधू असं एकही माणूस नव्हतं. सँडविचेस मात्र भरपूर होती. सूचना मागवल्या तेव्हा ब्लूमानं एकच लिहिली: नव्या दाराला माझा हात पोचेल अशी मेझुझा लावा. रीतीनं ती उंचावर लावतात, म्हणून धर्मगुरूंना, रब्बींना, तिनं आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, खुशाल खाली लावा.

आज रॅम्प तयार होता, इमारतीच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, उद्घाटनाची फीत बांधलेला. चौकटीच्या उजव्या अंगाला, बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर, देणगीदार नवरा-बायकोच्या नावाची पितळी पाटी चमकत होती. मेझुझा नव्हती.

तिनं संचालक गॉर्डन पेल्झला हळूच विचारलं.

"अहो, हे मागचं दार. इथून कोण येतंय?" तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. "म्हणजे, पुढच्या बैठकीत घेऊ विषय. आत्ता पाटीलाच हात लावा आणि बोटं ओठांशी न्या. फोटोत काय कळतंय?"

ब्लूमाला त्याची, त्या फितीची, टाळ्यांसाठी सज्ज उभ्या असलेल्या सगळ्यांचीच शिसारी आली.

"गॉर्डन, या देणगीदारांना आभाराची पत्रं मी इतकी वर्षं टाइप केली. पाटीचे मुके मी घ्यायची नाही."

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. फोटो तसाच निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच रॅम्प चढून आली. दाराशी सवयीनं हात वर गेला आणि गार पितळेला लागला. तिनं बोटं स्कर्टला पुसली आणि खुर्ची आत ढकलली.