तिसरं नाव

"आजपासून ते नाव तुझ्या जिभेवर नको हं, ओडिलिया. माणसाचं नको, झाडाचंही नको."

आईचा हा आवाज सव्वीस वर्षांपूर्वीचा, लग्नाच्या सकाळी केसांना खोबरेल चोपडतानाचा. सासऱ्यांचं नाव टाउरे. आणि गावाच्या बोलीत टाउरे म्हणजे नदीपलीकडच्या रानातलं, लोखंडासारख्या लाकडाचं झाड. तेव्हापासून ओडिलिया झाडाला 'काळं लाकूड' म्हणे, सासऱ्यांना 'तांबू'. तांबू म्हणजे सासरा आणि तांबू म्हणजे मनाई; शब्द एकच.

आज टेकडीवर, जिथे मोबाइलला रेंज येते तिथे, ती तेच नाव वाचत उभी होती.

गावच्या दवाखान्यातली ती नर्स. मागच्या महिन्यात चर्चने कोकोपो शहरात तीन दिवसांचा वर्ग भरवला होता, कंपन्यांची माहिती कशी काढायची याचा. शिकवणाऱ्या नेरीबाई म्हणाल्या होत्या, "कंपनीला चेहरा नसतो गं, पण सरकारी नोंदणीत नावं द्यावीच लागतात. तू रोग्याला विचारतेस ना, कुठं दुखतं, कधीपासून, घरात आणखी कुणाला आहे? तस्संच कागदाला विचार."

तिने विचारलं. नदीपलीकडचं रान तोडायला उद्याच्या सभेत गावाची संमती मागणारी 'नदीकाठ विकास कंपनी' कुणाची? शंभरातले नव्व्याण्णव शेअर राजधानीतल्या एका टपालपेटीचे, म्हणजे नुसत्या पत्त्याचे. त्याच पेटीत आणखी अकरा कंपन्या राहत होत्या. संचालक तीन. दोघे शहरातले, अनोळखी. तिसरा, एका शेअरचा धनी: पॉलिनस टाउरे.

सही सासऱ्यांना तिनेच शिकवली होती. दवाखान्याच्या कार्डावर अंगठा उठवायची लाज वाटते म्हणाले, तेव्हा ओसरीत बसून एकेक अक्षर गिरवून घेतलं होतं. सुटं सुटं. जोडून नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा म्हातारा चुलीपाशी तारोचे कंद सोलत बसला होता.

"सापडलं का गं काही?"

"सापडलं, तांबू."

म्हाताऱ्याचा सुरा थांबला, पुन्हा चालू लागला.

"मग वाच उद्या. त्यासाठीच शिकलीस ना?"

शिजल्यावर सगळ्यांत मऊ तुकडा त्यांनी तिच्या पानावर ठेवला.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात सभा भरली. कंपनीचा माणूस क्लेमेंट चकचकीत बूट घालून आला होता. टेबलावर संमतीचा कागद, त्यावर टोपण काढलेलं पेन.

"कंपनी तुमचीच आहे, मायबाप! परका आहे कोण इथं?"

ओडिलिया उठली. मालकाची टपालपेटी वाचली, तिच्यातल्या अकरा कंपन्या वाचल्या. बायकांत कुजबुज झाली. मग संचालक. पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं. आणि थांबली.

"तिसरं?" कुणीतरी ओरडलं.

"बघा," क्लेमेंट हसला, "नर्सबाईंची सुई अडकली!"

"अगं बोल की!" मागून शेजारची रुफिना म्हणाली. "जीभ गिळलीस का?"

कागद दुसऱ्या कुणाच्या हाती दिला असता तर नाव वाचलं गेलं असतं. पण काल तारो सोलताना खालीच खिळलेले तांबूंचे डोळे तिला आठवले. तिने कागदाची घडी घातली.

"दोनच..." ती म्हणू लागली.

मागे काठी वाजली.

"खोटं नको बोलूस, पोरी. माझ्यासाठी तर नकोच." म्हातारा उभा राहिला होता. "तिला ते नाव घेता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी घेतो. पॉलिनस टाउरे."

म्हाताऱ्याने दोन्ही हात काठीवर टेकवले.

"हे कंपनीवाले मला म्हणाले, सही कर, दवाखान्याला इंजिनाची बोट देतो. अडलेली बाई शहराला नेताना होडीतच दगावली की ही दोन-दोन दिवस जेवत नसे. वाटलं, आणावी हिच्यासाठी बोट. बोट आली नाही. नदीपलीकडे माझ्या नावाचं झाड आहे, त्याच्या तोडीवरच मी सही केली."

टेबलावरचं पेन वाऱ्याने घरंगळून खाली पडलं. कुणी वाकलं नाही.

म्हातारा सुनेकडे वळला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"कधीचं सांगायचं होतं गं. सहीची अक्षरं तूच शिकवलेली होती, म्हणून तोंड उघडेना."