दीनानाथ टिल्लूंचं एक खरं वाक्य

"दुसरा कप पिऊन उठायचं नाही!" दीनानाथ टिल्लूंनी टेबलावर बोट आपटलं. "मागे एका इंजिनिअरला घाई होती. उठायला गेला, तर गुडघेच सरळ होईनात. आत खुर्चीला चिकटलेला, बाहेर गाडी हॉर्न मारतेय. शेवटी तिसरा कप पाजला तेव्हा सुटला, आणि असा सुटला की गाडीच्या आधी विमानतळावर."

समोर बसलेली देवयानी हसली. तिचा नवरा नीलेश कुवेतमधल्या फिंतासला राहणारा, पेट्रोकेमिकलमधला. त्याला गुडघ्यांत रस नव्हता.

"काका, टॉयलेट आहे का तेवढं सांगा."

"आहे ना. खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो. माणसं आत जातात ती बाहेरच येत नाहीत, एवढीच काय ती तक्रार."

"खिडकी नाही हो तिथं," चहाचा ट्रे घेऊन आलेली सुरैया म्हणाली. "भोक आहे. मीच पाडलंय. काकांचं काही ऐकू नका."

नीलेशने वर पाहिलं. काळीसावळी, उंच, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली इथिओपियाची बाई शुद्ध घरगुती मराठीत बोलत होती. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

यात चमत्कार काही नव्हता. सुरैयाने सहा वर्षं फिंतासमध्ये एका सातारकर कुटुंबात मुलं सांभाळली होती, आणि मुलांपेक्षा त्यांच्या आजीने तिला जास्त सांभाळलं होतं. ते कुटुंब परत गेलं तेव्हा कासमभाईंनी तिला आपल्या ट्रॅव्हल ऑफिसात घेतलं. झेरॉक्स मशीन अडकलं की ती त्याला "मेल्या, गिळून बसलास का?" असं विचारायची आणि मशीन, टिल्लूंच्या म्हणण्याप्रमाणे, घाबरून कागद सोडायचं.

टिल्लू स्वतः त्या ऑफिसात चोवीस वर्षं होते. चोवीस वर्षांत त्यांनी हजारो माणसांना विमानात बसवलं, पण स्वतः सुट्टीला नाशिकखेरीज कुठे गेले नाहीत. जगातला प्रत्येक धबधबा त्यांनी कुवेत सिटीतल्या दुसऱ्या मजल्यावरून पाहिला होता. ऑगस्टात इथे असं ऊन पडतं की माणसाची सावली त्याला रस्त्यावर सोडून गारव्याच्या दुकानात शिरते, हेही त्यांनी पाहिलं होतं. आपण कशाला नाही म्हणायचं?

सुरैयाच्या पगारातून तिच्या गावी, कॉफीच्या डोंगरात, आईच्या घराला एक जास्तीची खोली झाली. तिथे पाहुणे पाठवायची कल्पना टिल्लूंची. पाहुण्यांनी दोन रात्री राहायचं. सकाळी जमिनीवर ताजं गवत पसरतात, बाई समोर बसून हिरव्या बिया तव्यावर भाजते, तवा प्रत्येकाच्या नाकाखालून फिरवते, मग बिया कुटून मातीच्या सुरईत उकळते. सोबत मक्याच्या लाह्या. कॉफी तीनदा देतात. तिसरा कप आशीर्वादाचा, तो घरातल्या वडीलधाऱ्या बाईने दोन शब्द बोलून द्यायचा. एवढं सगळं खरं होतं. चिकटणारे गुडघे टिल्लूंचे.

"ताई, एक काम कराल?" सुरैया देवयानीला म्हणाली. "महिना झाला, आईचा घसा बसलाय. फोन केला की मावशीच बोलते. आईचा आवाज फोनमध्ये भरून आणाल? नुसतं 'सुरैया' म्हणाली तरी चालेल."

"आणीन की," देवयानी म्हणाली.

"बघितलंत?" टिल्लू म्हणाले. "हिची आई बोलली की दरीत तीन दिवस घुमतं. हवी तेवढी भरून आणा."

दहा दिवसांनी देवयानी एकटीच आली. भर दुपारी. सुरैया बँकेत गेली होती. देवयानी खुर्चीत बसली नाही, पर्स पोटाशी धरून उभी राहिली.

"टिल्लूकाका, तिची आई नाहीये हो."

"म्हणजे? कुठे गेली?"

"गेली म्हणजे गेली. आम्ही पोचायच्या आधी पाच आठवडे. आम्हाला तरी कुठे माहीत? मावशी सगळं करत होती. गवत पसरलं, बिया भाजल्या. दोन कप झाले. तिसरा ओतला आणि ती गप्पच. काही बोलेचना. मी आपलं विचारलं, आशीर्वाद नाही का देणार? तर तिने कप खाली ठेवला आणि पदर तोंडात धरला. मग तिच्या मास्तर भाच्याने सांगितलं."

टिल्लूंनी उगाच स्टेपलर उघडून मिटला.

"आणि वर म्हणाला, तिला सांगू नका. परगावच्या माणसाला अशी बातमी फोनवर सांगत नाहीत त्यांच्यात. एकट्याला गाठून तर नाहीच. ती या महिन्याच्या शेवटी येतेय ना? आली की सगळे जमून सकाळी सांगतील. आपल्या माणसांत रडायला मिळालं पाहिजे, म्हणाला. काका, मला नाही तिच्या समोर उभं राहवणार. तुम्ही काहीतरी सांगा. तुम्हाला जमतं."

ती गेली. वीस मिनिटांनी सुरैया आली, घाम पुसत.

"ताई येऊन गेल्या ना? वाटेत त्यांची गाडी दिसली. आवाज आणला?"

आता नुसतं 'बरी आहे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. वीस दिवसांचा तर प्रश्न होता. पण टिल्लूंना दोन शब्दांत बोलायची सवय कुठली!

"आवाज? अगं, देवयानीचा फोन पडला तुमच्या ओढ्यात. घसा मोकळा झालाय म्हाताऱ्या बाईचा. नीलेशने लाह्या सांडल्या तर असा दम दिला त्याला! पोरगा पेट्रोकेमिकलमध्ये बारा माणसांवर ओरडतो, तिथे मांजरासारखा बसला. आणि सरपणाची मोळी घेऊन डोंगर चढते म्हणे. हे दोघं मागे धापा टाकतायत आणि ती वरून विचारते, येताय की जेवण खाली पाठवू?"

सुरैया हसता हसता झेरॉक्स मशीनवर रेलली. डोळे पुसले. "अगंबाई, आईच ती," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कासमभाईंनी टिल्लूंना केबिनमध्ये बोलावलं. कासमभाई दापोलीकडचे; आनंद झाला की टेबलावर ताल धरत.

"टिल्लू, काम झाला. सुट्टीचा सीझन, मी त्या पोरीला महिनाभर सांगतोय, यंदा जाऊ नको, पुढच्या ईदला जा. ऐकत नव्हती. आईचा घसा, आईचा घसा. आज आपणहून आली. म्हणते, आई ठणठणीत आहे, टिकीट कॅन्सल करा, पुढच्या वर्षी जाते."

"कॅन्सल केलंत?"

"केला पण. का?"

टिल्लूंनी सांगितलं. कासमभाईंची बोटं टेबलावरच थांबली.

"या अल्ला," ते म्हणाले. "तिकडे तिची माणसं वाट बघतायत, आणि तू तिला वर्षभर इथं डांबलास?" मग फोन हातात घेत, "टिकीट मी परत काढीन. पण तिला जायला लावणार कोण? तूच निस्तर."

टिल्लूंनी निस्तरायला सुरुवात केली. संध्याकाळी सुरैया कप विसळत होती तिथे गेले.

"मी काय म्हणतो, तू जाऊन ये. आईचा गुडघा जरा धरलाय म्हणे."

"काल डोंगर चढत होती."

"त्यानेच धरला."

"काका, सीझन संपेपर्यंत गुडघा सुटेल. तिसरा कप पाजेल कुणीतरी." तिला स्वतःच्याच विनोदाचं हसू आलं.

टिल्लूंच्या हाताशी आणखी चारपाच गोष्टी होत्या. आईला स्वप्न पडलं, छप्पर उडालं, गावात लग्न निघालं. एकेक गोष्ट जिभेपर्यंत आली आणि त्यांना त्या गोष्टीचीच शिसारी आली. त्यांनी नळ बंद केला.

"सुरैया, तुझी आई गेली. दीड महिना होत आला."

ती वळली. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आणि हसली. साधंसुधं नव्हे, ओल्या हाताने तोंड दाबून, खांदे हलेपर्यंत.

"ही एकदम खराब थाप, काका. एकदम मेली. जमली नाही."

"थाप नाही गं. देवीची शपथ."

"देवीची शपथ तर गुडघ्यांच्या वेळी पण घेतली."

घेतली होती. सुरैयाचं हसू ओसरलं, पण जे आलं ते रडू नव्हतं. "आईवरून असं बोलतात का?" ती म्हणाली. "आजींनी मला शिकवलं, काही वाटेल ते बोलावं, कुणाच्या आईवर जाऊ नये. तुम्हाला कुणी शिकवलं नाही?"

त्यांच्यासमोरच तिने फोन लावला. तिकडून मावशीचा आवाज आला, लांबून, घाईघाईने. सुरैया ऐकत होती, मान डोलवत होती. फोन ठेवला आणि पदर झटकावा तसा रुमाल झटकला.

"आई शेजारच्या गावात गेलीय. बारशाला."

एरवी कधी खोटं न बोलणारी मावशी रीत म्हणून खोटं बोलली आणि तिचं खरं झालं. त्यानंतर सुरैया टिल्लूंच्या टेबलावर चहा ठेवायची, पण कप त्यांच्या हातात द्यायची नाही.

बुधवारी टिल्लू महबूलाच्या वस्तीत गेले. सुरैया तिथे एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, पाच जणींबरोबर राहायची. तळमजल्यावर तिच्याच देशातल्या एका बाईची खाणावळ होती. बाई साठीची, कपाळावर गोंदलेलं. टिल्लूंनी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, एक शब्द न वाढवता. बाईने हातातला डाव खाली ठेवला.

"तू तिला सांगितलंस? कुठे?"

"ऑफिसात. मोरीपाशी."

"एकटीला? संध्याकाळी? उभ्याने?"

टिल्लूंनी तिन्हीला मान डोलावली.

"कुत्र्यालासुद्धा असं सांगत नाहीत," बाई म्हणाली. मग तिने त्यांच्याकडून मास्तर भाच्याचा नंबर घेतला, आत जाऊन फोन केला. बराच वेळ बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. टिल्लूंना न विचारताच तिचं सगळं ठरलं होतं. शुक्रवारी. सकाळी लवकर, सुरैयाच्या पोटात काही जायच्या आधी. आसपासच्या ओळखीच्या सगळ्या बायका. रडून झालं की तिचं सामान बांधायला दोघी, विमानतळापर्यंत दोघी.

"मी साडेपाचला येतो," टिल्लू म्हणाले.

"ये. पण खालीच थांब." बाईचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "तू वर आलास तर ती हसेल."

शुक्रवारी कासमभाईंनी स्वतः गाडी चालवत टिल्लूंना तिथे सोडलं. रात्रीच परत काढलेलं तिकीट टिल्लूंच्या शर्टाच्या खिशात होतं, त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. कासमभाई पेट्रोल भरायला गेले. सूर्य नुकताच वर आला होता आणि एवढ्या सकाळीही शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ही थाप नव्हे.

बायका एकेक करून आल्या. कुणी मालकिणीला सांगून, कुणी न सांगता. पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या अकरा जणी टिल्लूंच्या बाजूने गेल्या. एकीनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही. लिफ्टमध्ये मावणार नव्हत्या म्हणून जिन्याने चढल्या. पावलं ऐकू येत होती. मग तिसऱ्या मजल्यावर दार वाजलं. दार उघडलं.

टिल्लूंच्या डोळ्यांसमोर ते सगळं आपोआप येऊ लागलं, सवयीने. ती दारात कशी उभी असेल, अकरा ओढण्या बघून काय म्हणेल, रुमाल बांधलेला असेल की नसेल. त्यांनी पार्किंगमधल्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत ते थांबवायचा प्रयत्न केला.

पहिला आवाज तिचा नव्हता. खाणावळवाल्या बाईचा होता. मग सगळ्यांचा. आणि त्या सगळ्यांच्या वर एक आवाज, जो टिल्लूंनी कधी ऐकला नव्हता. 'आई' मराठीत नव्हतं, पण कळलं.

इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, आपल्या खोलीतून चाव्यांचा जुडगा घेऊन धावत आला. बांगलादेशी, नुकता उठलेला, बनियनवरच. खिडक्यांकडे मान वर करून पाहिलं, मग टिल्लूंकडे.

"क्या हुआ, चाचा? झगडा?"

टिल्लूंचं तोंड उघडलं.

"ऊपर एक लड़की है," ते म्हणाले. "उसकी माँ मर गई."

हारिसने काही विचारलं नाही. कधी, कशाने, तुम्हाला कुणी सांगितलं, काही नाही. मान खाली घातली. पलीकडे गाड्या धुणारा एक जण बादली आपटत होता, त्याला हाताने थांबवलं. मग तो आपल्या खोलीत गेला, प्लास्टिकची एक खुर्ची घेऊन आला, भिंतीलगत जेवढी सावली होती तेवढ्यात ती नीट बसवली, आणि टिल्लूंसाठी तिच्यावरची वाळू हाताने पुसू लागला.